उरुळीचे मणिभाई देसाई : गाय गाभ जाण्याचा प्रश्न दावणीपर्यंत नेणारा माणूस

उरुळी कांचन (ता. हवेली) : मणिभाई देसाई पशुवैद्य नव्हते. शिक्षण विज्ञान शाखेचं, घर गुजरातेतलं, आणि उरुळीत आले ते निसर्गोपचाराच्या कामासाठी. तरी पुणे, नगर, सोलापूर जिल्ह्यांतल्या गोठ्यांत आज ज्या काळ्या-पांढऱ्या आणि तांबूस संकरित गायी उभ्या दिसतात, त्यांच्यामागच्या मोजक्या नावांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. हवेली, दौंड, शिरूर, पुरंदर भागातल्या दूध उत्पादकाला ‘बायफ’ ठाऊक असतं, घरी येऊन गाय भरणारा बायफचा माणूस ठाऊक असतो. ती संस्था काढणारा माणूस मात्र १९९३ साली गेला. आज गोठा सांभाळणाऱ्या कितीतरी पोरांचा जन्मच त्यानंतरचा.

२७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी एका शेतकरी कुटुंबात मणिभाईंचा जन्म झाला. दांडीयात्रा त्यांच्याच जिल्ह्यात येऊन संपली, तेव्हा त्यांना दहावं वर्ष पुरं व्हायचं होतं. कॉलेजात असताना १९४२ चं आंदोलन पेटलं. मणिभाई त्यात उतरले, तुरुंगातही गेले. सुटल्यावर पदवी पुरी केली. विज्ञानाची पदवी असलेल्या तरुणाला त्या काळी चांगली नोकरी मिळणं अवघड नव्हतं. पण हा तरुण गांधीजींकडे गेला.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले. खेड्यातल्या गरिबाला परवडेल असा उपचार खेड्यातच करून पाहायचा, ही त्यामागची कल्पना. मुक्काम आठवडाभराचाच झाला. इंग्लंडहून मंत्र्यांचं शिष्टमंडळ आलेलं, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी सुरू, त्यामुळे महिनाअखेरीस त्यांना दिल्ली गाठावी लागली. मागे राहिला निसर्गोपचार आश्रम आणि तो चालवायला पंचवीस वर्षांचे मणिभाई. आयुष्य याच कामाला देईन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. पुढची ४७ वर्षं तो शब्द पाळला.

आश्रमाचं काम वाढलं तसं एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. माती-पाण्याच्या उपचारानं बरा झालेला माणूस घरी जातो, पुन्हा अर्धपोटी राहतो आणि पुन्हा आजारी पडतो. म्हणजे रोगाचं मूळ घरातल्या रिकाम्या डब्यात आहे. तिथून मणिभाई शेतीकडे वळले, शाळेकडे वळले, सहकाराकडे वळले. आणि गायीकडे वळले.

गोशाळेतली गीर आणि गावातली गावठी

आश्रमाच्या गोशाळेत गीर गायी होत्या. सौराष्ट्रातली ही जात, लोंबते कान, फुगीर कपाळ, स्वभावानं गरीब. नीट चारा, वेळेवर पाणी, धारेची शिस्त ठेवली की गीर दिवसाला दहा लिटरच्या आसपास दूध देऊ शकते, हे उरुळीत लोकांना डोळ्यांनी दिसलं. कळपाचं नावही झालं.

पण गोशाळेच्या कुंपणाबाहेर वेगळंच चित्र होतं. गावठी गाय म्हणजे दिवसाला लिटर-दीड लिटर दूध. कालवड पहिल्यांदा व्यायची ती चार-पाच वर्षांची झाल्यावर. दोन वेतांत दीड-दोन वर्षांचं अंतर. आयुष्यातले निम्मे दिवस गाय भाकडच. अशी गाय सांभाळायची तर शेतकऱ्यानं स्वतःच्या पोटाला चिमटा काढायचा, नाहीतर तिला बाजार दाखवायचा. गाय पूज्य आहे असं म्हणणाऱ्या घरांतूनही भाकड गाय दोर कापून सोडून दिली जायची, हे त्या काळातलं कडू सत्य आहे. आजही ते पुरतं संपलेलं नाही.

गाय गाभ जात नाही म्हटलं की गावाचं निदान ठरलेलं असायचं. वांझ आहे, नजर लागली, वळू बरोबर नाही. खरं कारण बहुतेक वेळा साधं होतं. तिला पुरेसं खायला नव्हतं. कालवड माजावर येते ती वयानं नाही, वजनानं. मोठ्या गायीच्या वजनाच्या जवळजवळ निम्म्यावर ती पोचली की शरीर पहिल्यांदा माज दाखवतं, आणि साठ टक्क्यांच्या पुढे गेली की ती भरण्याजोगी होते. पावसाळ्यात चार महिने रानातलं गवत आणि उरलेले आठ महिने वाळला कडबा, तोही मोजून, असं असेल तर ते वजन गाठायलाच साडेतीन-चार वर्षं जातात. तिच्या रक्तात दोष नसतो.

गायीच्या शरीराचा हिशोब फार कडक असतो. मिळालेल्या अन्नातून ती आधी स्वतःचा जीव जगवते, हिंडण्या-फिरण्याला लागणारी ताकद काढते. मग दुधाला देते. गर्भधारणेचा नंबर शेवटी. तूट आली की पहिली कात्री तिथेच लागते. मेंदूतून अंडाशयाकडे जाणारा संप्रेरकांचा निरोप क्षीण होतो, अंडाशयावर फुगा वाढतो पण फुटत नाही, किंवा मुळात वाढतच नाही. बाहेरून दिसतं ते एवढंच, की गाय माजावर येत नाही.

१९६७ आणि त्यानंतर

मणिभाईंचा निष्कर्ष असा होता की गाय वाचवायची तर ती शेतकऱ्याच्या घरात कमावती झाली पाहिजे. गीर चांगली खरी, पण उत्तम गीर गायी हजारोंच्या संख्येनं आणायच्या कुठून? गावठी गाय तर प्रत्येकाच्या दारात होती. तिच्याच पोटी जास्त दुधाची, लवकर वयात येणारी कालवड जन्माला घालायची, हा त्यांनी काढलेला मार्ग. त्यासाठी होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी या परदेशी जातींच्या वळूंचं वीर्य वापरायचं ठरलं.

१९६७ मध्ये त्यांनी उरुळीला भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था काढली. तिचं आद्याक्षरांचं नाव बायफ, आणि लोकांच्या तोंडी तेच बसलं. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

गांधीजींना शब्द दिलेला माणूस परदेशी वळू आणतो, हे अनेकांना रुचलं नाही. देशी गोवंश बिघडेल, अशी टीका झाली. ती सगळी खोटी होती असं म्हणता येणार नाही. संकरित खोंडाला वशिंड नीट नसतं, उन्हात तो लवकर धापा टाकतो, औताला शेतकरी त्याला पसंत करत नाही. ट्रॅक्टर यायच्या आधीच्या काळात हा प्रश्न लहान नव्हता. शिवाय परदेशी रक्ताचा वाटा वाढवत नेला की उष्णता आणि रोग सोसायची ताकद घटते. म्हणून निम्म्याच्या आसपास परदेशी रक्त ठेवावं, असा सल्ला पुढे रूढ झाला. मणिभाईंच्या बाजूनं सांगायचं तर त्यांच्यासमोर प्रश्न अल्पभूधारकाच्या चुलीचा होता. संकरित कालवड अडीच-तीन वर्षांत विते, दिवसाला आठ-दहा लिटर दूध देते आणि वर्ष-सव्वा वर्षात पुन्हा विते. एक-दोन एकरवाल्याला हा फरक आयुष्याचा फरक होता.

गाय दवाखान्यात नाही, माणूस गोठ्यात

कृत्रिम रेतन मणिभाईंनी शोधलं नाही, ते आधीपासून होतं. सरकारी दवाखान्यांतही चालायचं. अडचण वेगळी होती. गाय माजावर आली की शेतकऱ्यानं कामधंदा सोडून तिला चार-पाच मैल चालवत दवाखान्यात न्यायची, खोड्यात उभी करायची, डॉक्टर असतील तर भरून घ्यायची.

आता गायीचा माज टिकतो जेमतेम बारा ते अठरा तास. अंडं सुटतं ते माज ओसरल्यानंतर दहा-बारा तासांनी. त्यामुळेच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरा, हा नियम. एवढ्या अरुंद वेळेत उन्हातून गाय हाकत नेणं म्हणजे दमलेली, घाबरलेली गाय आणि बहुतेकदा हुकलेली वेळ. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले.

बायफनं हे उलटं केलं. गाय घरीच राहील, माणूस तिच्याकडे येईल. हे शक्य झालं गोठवलेल्या वीर्यामुळे. ग्लिसरीन मिसळलं तर वीर्य गोठवूनही जिवंत राहतं, हा शोध इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये लागला होता. द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात, उणे १९६ अंश तापमानाला, रेतमात्रेच्या कांड्या वर्षानुवर्षं टिकतात. १९७० च्या दशकात उरुळीला वीर्य गोठवण्याची सोय उभी राहिली. दहा-पंधरा गावांमागे एक केंद्र, केंद्रावर शिकवून तयार केलेला एक माणूस, त्याच्याकडे मोटारसायकल आणि मागे बांधलेलं नायट्रोजनचं भांडं. हे दृश्य पुढे महाराष्ट्राच्या खेड्यात इतकं सवयीचं झालं, की ते कधीकाळी नवं होतं हेच विसरायला झालं.

खर्चाचा प्रश्न सुटला तो सहकारी साखर कारखान्यांमुळे. कारखान्यांनी आपल्या सभासदांच्या गावांत बायफची केंद्रं चालवायला पैसा दिला. ऊस पट्ट्यात दूध वाढलं त्यात या जोडीचा वाटा मोठा आहे. त्याच सुमारास देशात दुग्धमहापूर योजना सुरू झाली होती, गावोगावी संकलन केंद्रं उघडत होती. दूध आहे पण विकायचं कुठं, ही अडचणही सुटत गेली. लाळ्या खुरकूत हा संकरित गायीचा मोठा शत्रू. त्याची लस तयार करण्यातही बायफ उतरली आणि वाघोलीला प्रयोगशाळा झाली.

नवी गाय, नवी भूक

खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली. जास्त दुधाची गाय घरात आली, पण दावण जुनीच राहिली.

गावठी गायीची अडचण होती कायमच्या अर्धपोटाची. संकरित गायीची अडचण वेगळी, आणि शेतकऱ्याला ती लवकर कळत नाही, कारण गाय तर भरपूर दूध देत असते. व्यायल्यानंतर दूध झपाट्यानं चढतं आणि सहा ते आठ आठवड्यांत शिखरावर जातं. तिची खाण्याची ताकद मात्र हळू चढते, ती शिखरावर पोचायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात दुधातून जेवढं बाहेर जातं तेवढं तोंडातून आत येत नाही. ही तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. म्हणून व्यायलेली गाय दीड-दोन महिन्यांत खंगल्यासारखी दिसते, माकडहाडाजवळ खड्डा पडतो, बरगड्या मोजता येतात.

थोडी चरबी वितळणं नैसर्गिक आहे. पण फार वेगानं वितळली की यकृतावर ताण येतो. चरबी पुरती जळत नाही, यकृतात साठते, रक्तात कीटोन वाढतात. श्वासाला, दुधाला गोडसर उग्र वास येतो, गाय आंबोण नाकारते आणि नुसता कडबा चघळते. ही कितनबाधा. रक्तातली साखर आणि इन्शुलिन खाली गेलं की अंडाशयाला मिळणारा निरोप पुन्हा क्षीण होतो. गाय माज दाखवत नाही, किंवा मुका माज दाखवते, जो कोणाच्या नजरेत येत नाही. भरली तरी उलटते. शेतकरी म्हणतो सिमेन खराब, भरणाऱ्याचा हात खराब. क्वचित तसं असतंही. पण तीन-तीनदा उलटणारी गाय आधी पाठीवरून हात फिरवून बघावी, मग कांडीला दोष द्यावा.

यातला बराचसा तपशील मणिभाईंच्या उमेदीच्या काळात पुस्तकांत स्पष्ट झालेला नव्हता; इन्शुलिन आणि अंडाशयाचं नातं, चरबी वितळण्याचा गर्भधारणेवर होणारा परिणाम हे पुढे हळूहळू उलगडत गेलं. मात्र रेतन आणि चारा ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, हे बायफच्या कामाच्या मांडणीत आधीपासून होतं. गाय भरून देऊन मोकळं व्हायचं नाही, तर चाऱ्याचं बियाणं, लसीकरण, औषधपाणी, गोठ्याचा सल्ला सगळं एकत्र न्यायचं. नुसतं वीर्य वाटलं असतं तर संकरित गाय दोन वेतांत बदनाम झाली असती.

आज ज्या गोष्टी कुठलाही जाणता पशुवैद्य सांगतो त्यांची मुळंही याच हिशोबात आहेत. आटवल्यानंतरचे दोन महिने गायीला दूध नाही म्हणून खुराक तोडायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. प्रत्यक्षात पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते याच दोन महिन्यांत. आणि व्यायल्यानंतर ज्या माजाला गाय भरायची त्या माजाचं अंडं पिकायला अडीच-तीन महिने आधीच सुरुवात झालेली असते. म्हणजे आटवलेल्या गायीची दावण ओस पडली, तर त्याचा फटका पुढच्या गर्भाला बसतो. उलट टोकही वाईट. या काळात गाय लठ्ठ केली तर व्यायल्यावर ती खात नाही, वार अडकते, चरबी आणखी वेगानं वितळते. एक ते पाच या मापात गाय विताना तीन ते साडेतीनच्या दरम्यान असावी. बरगड्या दिसू नयेत, पण हात दाबला तर लागाव्यात.

खुराकाचं जुनं गणित सोपं आहे. शरीर सांभाळायला दीड-दोन किलो आंबोण आणि वर दर लिटर दुधामागे सुमारे चारशे ग्रॅम. दहा लिटरच्या गायीला म्हणजे साडेपाच-सहा किलो. यात हिरवा आणि वाळला चारा धरलेला नाही, तो वेगळा. नुसती सरकी पेंड ओतून हे गणित सुटत नाही. प्रथिनं गरजेपेक्षा जास्त झाली आणि ऊर्जा कमी पडली तर रक्तातला युरिया वाढतो, गर्भाशयातलं वातावरण बिघडतं आणि गाय पुन्हा उलटते.

उसाचं वाढं आणि फॉस्फरस

आपल्या ऊस पट्ट्यात आणखी एक गोम आहे. तोडणीच्या हंगामात गायीपुढे पडतं ते वाढं. स्वस्त, हिरवंगार, हवं तेवढं. पण वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. महिनोन्महिने नुसत्या वाढ्यावर राहिलेली गाय विताना कॅल्शियममध्ये कमी पडते. दुग्धज्वर होतो, गर्भाशय लवकर आकसत नाही, वार राहते, आत घाण होते. मग ती वेळेवर माजावर कशी येणार? ज्या साखर कारखान्यांच्या पैशानं संकरित गाय गावात आली, त्याच उसाचं वाढं तिच्या कुशीच्या आड आलं, हा योगायोग विचित्रच म्हणायचा.

फॉस्फरसची तऱ्हा वेगळी. तो कडब्यात आणि भुशात फार कमी असतो. कमी पडला की गाय चिंध्या, हाडं, चपला चघळायला लागते, मूत पिते. गावात याला खोड म्हणतात, पण ती भूक असते, आणि अशा गायींचा माज लांबतो. कोंडा, पेंड यांतून फॉस्फरस मिळतो. तांबं, जस्त, मँगनीज, आयोडीन, सेलेनियम ही खनिजं लागतात चिमटीभर, पण नसली तर माज, गर्भ टिकणं, वार पडणं सगळीकडे अडतं. रोज पन्नास-साठ ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात घालणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि सर्वांत जास्त टाळला जाणाराही.

सुबाभूळ

चाऱ्याच्या शोधात मणिभाईंनी सुबाभळीवर फार जीव टाकला. हवाई बेटांवरचा तिचा उंच, भरभर वाढणारा वाण बायफनं १९७० च्या दशकात इथे आणून पसरवला. १९७२ चा दुष्काळ लोकांनी नुकताच भोगलेला होता. जनावरं छावण्यांत गेलेली, कडब्याला सोन्याचा भाव. अशा वेळी कमी पाण्यावर तग धरणारं, मुळांवाटे जमिनीत नत्र साठवणारं, जळण देणारं आणि वर पाल्यात भरपूर प्रथिनं असलेलं झाड म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला मोठाच आधार वाटला. बांधाबांधावर सुबाभूळ उभी राहिली.

पण सुबाभळीतही एक कळ आहे. तिच्या पाल्यात मिमोसीन नावाचं द्रव्य असतं. नुसता तोच पाला पोटभर घातला तर जनावराचे केस गळतात, लाळ गळते, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. थायरॉइड बिघडली की शरीराचा अन्न जाळण्याचा वेगच बिघडतो आणि प्रजननही अडखळतं. ऑस्ट्रेलियात यावरून मोठा गोंधळ झाला, कारण तिथली जनावरं हा पाला खाऊन आजारी पडायची आणि हवाईतल्या शेळ्या मात्र तोच खाऊन धडधाकट राहायच्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात उत्तर शोधलं. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात ते विष पचवणारे जिवाणू होते. ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडल्यावर तीही पाला पचवू लागली. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. आपल्याकडे साधा नियम रूढ झाला, की सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावी, बाकी गवत-कडबा. सुबाभळीचं वेड पुढे ओसरलं. बी पडून ती नको तिथे उगवते, ही तक्रारही खरी आहे. तरी उन्हाळ्यात हिरवं काहीच नसताना बांधावरच्या पाल्यानं अनेक गायींना अ जीवनसत्त्व आणि प्रथिनं पुरवली, हेही तितकंच खरं.

शेवटची वर्षं

१९८२ मध्ये मणिभाईंना लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ३६ वर्षांपूर्वी गांधीजींना दिलेला शब्द त्यांनी निभावला, याची दखल त्यात होती. तोवर बायफचं काम महाराष्ट्राबाहेर गेलेलं होतं. त्याच सुमारास दक्षिण गुजरातेत वांसदा भागातल्या आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’चं काम सुरू झालं. उतारावरच्या हलक्या जमिनीत आंबा, कडेनं वनझाडं, मधे नेहमीची पिकं. ज्याच्याकडे गाय पोसायलाही चारा नाही त्याला गाय देऊन उपयोग नाही, त्याला आधी जमिनीतून उत्पन्न हवं, असा त्यामागचा रोख होता. गायीच्या कामात जे शिकायला मिळालं तेच इथे कामी आलं.

माणूस साधा राहिला. मोठमोठ्या लोकांची ये-जा, परदेशी पाहुणे, सरकारी समित्या सगळं झालं, पण पत्ता उरुळीचाच. कडक शिस्तीचे म्हणून त्यांची ख्याती होती. शास्त्रज्ञ, पशुवैद्य, शेतीतज्ज्ञ त्यांनी संस्थेत आणले आणि त्यांना खेड्यात राहून काम करायला लावलं, जे तेव्हाही सोपं नव्हतं.

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाईंचं निधन झालं. वय ७३.

त्यानंतर संकरित गायीचं दूध आणखी वाढलं. आता वीस-पंचवीस लिटरच्या गायी दौंड, शिरूर, बारामतीकडच्या गोठ्यांत नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. तशी उलटणाऱ्या गायींची तक्रारही वाढली. दूध जितकं जास्त तितकी व्यायल्यानंतरची तूट मोठी, त्यात मार्च-एप्रिलचं ऊन. उष्णतेनं गाय खाणं कमी करते, म्हणजे तूट आणखी वाढते, शिवाय नुकताच धरलेला गर्भ तापलेल्या शरीरात टिकत नाही. मुरघासाचे खड्डे आणि पिशव्या आता गावोगावी दिसतात, मुक्त गोठे झाले, फॅन आणि फॉगर आले. ज्या गोठ्यात हे आहे तिथे गाय व्यायल्यापासून अडीच-तीन महिन्यांत पुन्हा भरली जाते आणि वर्ष-तेरा महिन्यांत वेत मिळतं. जिथे नाही तिथे दहा गायी भरल्या तर पहिल्या खेपेला तीन-चारच गाभ राहतात, आणि बाकीच्यांचा एकवीस-एकवीस दिवसांचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

बायफचं नाव पुढे बायफ डेव्हलपमेंट रिसर्च फाउंडेशन असं झालं. काम आता अनेक राज्यांत आहे. देशी जातींच्या संवर्धनाकडेही संस्था वळली आहे, ज्यावरून मणिभाईंवर टीका झाली होती. मुख्य कचेरी पुण्यात वारजे इथे आहे, त्या भागाला डॉ. मणिभाई देसाई नगर असं नाव आहे. उरुळीचं संशोधन केंद्र चालू आहे, निसर्गोपचार आश्रमही चालू आहे.